लिंडनखालचा हिरवा डबा

येस्त्राबोव गावात ब्लाझेना वित्कोवाला फसवणं सोपं नव्हतं. एकतीस वर्षं तिने गावच्या सहकारी शेतीचं अवजारांचं कोठार सांभाळलं होतं. कुदळ न्या, खुरपं न्या, नाहीतर मूठभर खिळे न्या, सही केल्याशिवाय काही बाहेर पडायचं नाही. एकदा तर खुद्द अध्यक्षांना तिने दारातून परत पाठवलं होतं, कारण त्यांनी सहीच्या जागी नुसती रेघ मारली होती. पुढे राज्य बदललं, सहकारी शेती मोडली, कोठारात आता कुणीतरी जुन्या मोटारी दुरुस्त करतं. ब्लाझेना घरी बसली, पण तिची नजर काही घरी बसली नाही.

गावाच्या वरच्या अंगाला, टेकाडावर, चार जुन्या लिंडनच्या झाडांमध्ये सांत आनाचं चॅपेल आहे. खोलीएवढंच. आत आडवी दोन बाकं, एक घंटा आणि लाकडाची सांत आना, गुडघ्याशी उभ्या राहिलेल्या आपल्या लेकीला, लहानग्या मारियेला, पुस्तक वाचायला शिकवणारी. निळी शाल विटलेली, पण चेहरा असा की आपण आत शिरलो की ती वाचायचं थांबून आपल्याकडे बघते असं वाटावं. या चॅपेलची किल्ली सासूच्या मागे ब्लाझेनाकडे आली. रोज दुपारी बाराची घंटा ती वाजवायची. शनिवारी फरशी धुवायची, फुलदाणीतलं पाणी बदलायची. नवरा जाऊन बारा वर्षं झाली होती, घरात दुसरं कुणी नव्हतं. दिवसभराचं जे काही सांगायचं ते ती सांत आनालाच सांगायची. बटाटे कसे निघाले इथपासून गुडघा कुठे दुखतो इथपर्यंत.

गेल्या शरदात डोंगरापलीकडच्या वाडीतल्या चॅपेलमधून एक मूर्ती चोरीला गेली. कडी उचकटली, मूर्ती पोत्यात घातली आणि झालं. तेव्हा शहरातल्या चर्चचे फादर होलेश इकडच्या सगळ्या चॅपेलांतून फिरले. येस्त्राबोवला आले तेव्हा त्यांनी कुलूप हातात धरून पाहिलं आणि मान हलवली.

“वित्कोवाबाई, इथे जरा जरी गडबड दिसली तरी मला कळवा. मग सांत आना आपण बिशपांच्या कोठारात नेऊन ठेवू. तिथे ती सुरक्षित राहील.”

“आणि इथे काय राहील, फादर?”

“प्लास्टरची प्रतिकृती करून देतील. छान करतात.”

कोठार म्हणजे काय असतं हे ब्लाझेनाइतकं कुणाला ठाऊक होतं? आत गेलेली वस्तू फळीवर जाते, तिला नंबर लागतो, आणि मग ती कुणाला आठवत नाही. त्या दिवशी तिने मनाशी ठरवून टाकलं की येस्त्राबोवला गडबड होणारच नाही. आणि झालीच तर ती फादरांच्या कानावर जाणार नाही.

मे महिना लागला आणि गडबड सुरू झाली.

पहिल्यांदा आली ती एक जोडी, मध्यमवयीन, पाठीवर पिशव्या. बाई मोबाइल समोर धरून आरती ओवाळावी तशी फिरवत होती आणि पुरुष तिच्या मागे मागे. चॅपेलभोवती त्यांनी तीन फेऱ्या मारल्या. मग पुरुषाने छपराच्या वळचणीत कोपरापर्यंत हात घातला. ब्लाझेना पायवाटेने वर येताना दिसली मात्र, त्याने हात काढला आणि खाली बसून बुटाची नाडी बांधल्यासारखं करायला लागला.

“नमस्कार! हवा छान आहे,” बाई म्हणाली.

“हवा छान आहे,” ब्लाझेना म्हणाली, “पण तुमच्या यजमानांच्या पायात चपला आहेत. नाडी कसली बांधतायत?”

दोघंही हसत हसत निघून गेली. ते हसणं ब्लाझेनाला अजिबात आवडलं नाही. शेजारच्या यार्मिलाला तिने ते सांगितलं तेव्हा यार्मिला सुक्या आलुबुखारचा मुरंबा ढवळत होती.

“अगं, फिरायला आले असतील. लघवीला आडोसा शोधत असतील.”

“मोबाइल बघून आडोसा शोधतात?”

“आजकाल मोबाइल बघून सगळंच करतात, बाई. तू म्हातारी झालीस.”

“तूही दोनच महिन्यांनी धाकटी आहेस,” ब्लाझेना म्हणाली आणि तडक वर गेली. ती माणसं वळचणीत हात घालत होती म्हणजे काहीतरी ठेवत होती किंवा घेत होती. तिने वळचण तपासली, पायरीचे दगड तपासले, मग एकेक झाड. चौथ्या लिंडनच्या बुंध्याला ढोली होती आणि ढोलीच्या तोंडावर सालीचा तुकडा असा बसवलेला की तो तिथलाच वाटावा. सालीमागे हिरवा प्लास्टिकचा डबा होता, शिदोरीचा असतो तेवढा.

आत एक प्लास्टिकचा बेडूक, दोन गुंड्या, परदेशी नाणं आणि एक वही. वहीच्या पहिल्या पानावर लिहिलं होतं की हा एक खेळ आहे, घाबरू नका, डबा आहे तिथे परत ठेवा. पुढे तारखा आणि तारखांसमोर नावं. पण कसली नावं! ‘तपकिरी अस्वल’, ‘दोन बूट’, ‘ओल्या मोज्यांची टोळी’. एकही धड नाव नाही, आडनाव नाही. ब्लाझेनाने आयुष्यभर सह्या वाचल्या होत्या. खरं नाव लपवून सही करणारा माणूस काय करायला आलेला असतो ते तिला कुणी शिकवायला नको होतं. तारखांवरून तर स्पष्टच दिसत होतं. मार्चपासून पाळीपाळीने येऊन जागेवर नजर ठेवली जात होती. आणि खेळ आहे म्हणून लिहून ठेवलं तर ठेवलं, चोर काय धंद्याची पाटी लावून येतो?

तिने डबा एप्रनखाली घेतला आणि घरी नेऊन पिठाच्या कपाटात बंद करून टाकला. तारीख होती मेची तीन.

तिला वाटलं, डबा गेला म्हणजे टोळी पांगेल. झालं उलटंच. पूर्वी लोक यायचे, ढोलीत हात घालायचे आणि जायचे, म्हणून इतके दिवस तिच्या नजरेत आले नव्हते. आता त्यांना ढोलीत काही मिळेना, म्हणून ते सगळीकडे शोधू लागले. कुणी वळचणीची फळी सरकवून ठेवली, कुणी पायरीचा दगड हलवला. एका लठ्ठ माणसाने तर दाराच्या जाळीतून आत हात घालून बाकाखाली चाचपून पाहिलं. ब्लाझेना स्टूल आणि विणकाम घेऊन चॅपेलसमोर बसायला लागली. जो येईल त्याला विचारायची, “काय हवंय?” उत्तरं ऐकण्यासारखी असायची. एक म्हणाला पक्षी बघतोय. त्याची मान खाली होती. एक म्हणाली औषधी पाला गोळा करतेय. तिच्या पायाखाली नुसतं गवत होतं.

“तूच आता मूर्ती झालीस,” यार्मिला म्हणायची. “फुलं तुलाच वाहू का? फादरना फोन कर म्हणजे सुटशील.”

“फादरना कशाला त्रास?” ब्लाझेना म्हणायची आणि सुया जोरात चालवायची. फादरना फोन केला तर सुटणार होती ती, पण जाणार होती सांत आना.

चौदा तारखेला, दुपारच्या घंटेनंतर, तिला चौथ्या लिंडनपाशी निळा गणवेश दिसला. माणूस पाठमोरा होता, हातात छोटं पिवळं यंत्र. इकडेतिकडे न बघता तो सरळ ढोलीशी गेला आणि साल बाजूला केली. हा शोधायला आलेला नव्हता. याला जागा ठाऊक होती. ब्लाझेनाने चॅपेलच्या कोपऱ्यातला फावड्याचा दांडा उचलला आणि मागून जाऊन त्याच्या दोन खांद्यांच्या मध्ये टेकवला.

“हलू नकोस. तुझा म्होरक्या कोण?”

माणूस वळला आणि ब्लाझेनाच्या हातातला दांडा खाली आला. तो रादोवान स्क्लेनार होता, गावात येणाऱ्या बसचा चालक. नऊ वर्षं ती दर मंगळवारी त्याच्या मागच्या सीटवर बसून बाजाराला जात होती.

“वित्कोवाबाई, तो दांडा... जरा...”

“रादोवान! तू? तू पण त्यांच्यातला?”

“कुणाच्यातला? डबा माझा आहे. लोक लिहितायत की सापडत नाही, म्हणून बघायला आलो.”

“तुझा आहे? मग झाडात का ठेवलास? घर नाही तुला?”

रादोवान मटकन पायरीवर बसला. बस शेवटच्या थांब्यावर आली की परत निघेपर्यंत त्याला चाळीस मिनिटं मोकळी असायची. बाकीचे चालक झोप काढायचे किंवा बीअरच्या गुत्त्यावर पत्ते खेळायचे. हा मात्र डबे लपवायचा. जिओकॅशिंग म्हणतात या खेळाला, त्याने सांगितलं. आपण डबा लपवायचा, आकाशातल्या उपग्रहांवरून त्या जागेचे आकडे घ्यायचे आणि ते सगळ्यांना वाचता येतील असे इंटरनेटवर टाकायचे. मग कुणी यंत्र घेऊन, कुणी मोबाइल घेऊन शोधत येतं, वहीत टोपणनाव लिहितं आणि डबा परत ठेवून जातं.

“आणि मिळतं काय?”

“काही नाही. सापडल्याचा आनंद.”

ब्लाझेनाने त्याच्याकडे रोखून पाहिलं. काही न मिळता लोक प्रागहून येतात, हे तिच्या गळी उतरेना. “मग नाड्या का बांधतात? पाला का गोळा करतात? सरळ का सांगत नाहीत?”

“तोच तर नियम आहे. खेळाबाहेरच्या माणसाला कळू द्यायचं नाही. नाहीतर डबा पळवतात ना लोक.” एवढं बोलून तो थांबला. “तुम्हीच नेलात का?”

“मी जप्त केला,” ब्लाझेना म्हणाली. “आणि झाडात ठेवलास तर माझ्या चॅपेलच्या वळचणीत का हात घालतात?”

रादोवानने पिवळं यंत्र तिच्यापुढे धरलं आणि वर झाडाकडे बोट दाखवलं. आकडे त्याने फेब्रुवारीत घेतले होते. तीन वेगवेगळ्या दिवशी पाऊण पाऊण तास यंत्र ढोलीवर ठेवून, सगळ्याची सरासरी काढून. तेव्हा फांद्या उघड्या होत्या, वर आकाश दिसत होतं. आता पानांचं छप्पर झालं. आकडे बरोबरच होते, पण शोधणाऱ्याच्या हातातला मोबाइल पानांखाली गडबडतो, कधी दहा पावलं इकडे दाखवतो, कधी पंधरा तिकडे. पंधरा पावलांवर चॅपेल.

“म्हणजे तुझ्या यंत्राला झाडाला पानं येतात हे माहीत नाही,” ब्लाझेना म्हणाली. “आणि तुलाही नाही.”

रादोवानचे कान लाल झाले. तिने त्याला घरी नेलं, बटाट्याचं सूप पुढे ठेवलं, पण डबा काही परत दिला नाही. वही काढून टेबलावर उघडली, नाकावर चष्मा चढवला आणि म्हणाली, “तुझ्या मोबाइलात काय लिहितात ते वाच. एकेक. मी इथे जुळवते.”

कोठार बंद करताना वर्षअखेरीला जशी ती मोजदाद करायची तशीच ही झाली. तो तारीख आणि नाव वाचायचा, ती वहीत बोट ठेवून “आहे” म्हणायची. तपकिरी अस्वल, आहे. दोन बूट, आहे. एप्रिल संपला. मेच्या तीन तारखेनंतर “सापडला नाही” अशा पाच नोंदी आल्या. त्या बरोबरच होत्या, डबा पिठाच्या कपाटात होता. मग रादोवानने वाचलं, “अकरा मे. सापडला. सुंदर जागा, आभार. कुलूप बघून हसू आलं, आमच्या आजीच्या माळ्यालाही याहून बरं आहे.”

ब्लाझेनाचं बोट वहीवर थांबलं.

“अकराला सापडला? काय सापडला?”

रादोवान चमचा सूपमध्ये तसाच धरून बसला.

“नाव काय त्याचं?”

“लोविदूब. फोटो पण टाकलेत. तीन.”

पहिला फोटो कुलपाचा होता, अगदी जवळून. दुसरा दाराच्या बिजागरीचा. तिसरा जाळीतून काढलेला, सांत आनाचा.

“या खेळात कुणी कुणी खोटं लिहितं,” रादोवान घाईघाईने म्हणाला. “घरबसल्या लिहितात, सापडलेल्या डब्यांचा आकडा वाढवायला. वहीत सही नसली की अशी नोंद आम्ही मोजत नाही.”

“घरबसल्या फोटो निघतात?”

त्याने त्या माणसाचं पान उघडलं. एप्रिलमध्ये नाव घातलेलं, आणि साऱ्या देशात सापडलेला डबा एकच, हा. रादोवानने बोटाने ती नोंद पुसली, फोटोही पुसले.

“झालं. काढून टाकलं.”

“नोंद काढलीस,” ब्लाझेना म्हणाली. “माणूस कुठे काढलास?”

त्याची बस सुटायची वेळ झाली होती. जाता जाता तो दारात घुटमळला आणि म्हणाला, “मी तर चांगल्या मनानेच ठेवला होता हो. लोकांनी चॅपेल बघावं म्हणून.”

“बघितलं ना,” ब्लाझेना म्हणाली.

तो गेल्यावर तिने पहिला विचार केला तो नव्या कुलपाचा. शहरातून भारीतलं कुलूप आणायचं, रादोवानने डब्याची सगळी नोंद पुसून टाकायची, आणि कुणाला काही बोलायचं नाही. फादरना कळणार नाही आणि सांत आना जागेवर राहील. संध्याकाळी मेमधल्या रोजच्या प्रार्थनेला सात-आठ बायका चॅपेलमध्ये जमल्या. मारियेची स्तुती म्हणताना सगळ्यांचे डोळे मूर्तीकडे होते. ब्लाझेनाचे मात्र बिजागरीकडे. दोन स्क्रू गंजलेले होते. फोटोत ते स्पष्ट दिसत होते.

बायका गेल्यावर ती सांत आनासमोर बाकावर बसून राहिली. इतके दिवस आपण पहारा दिला तो हिचा की आपला, हा प्रश्न तिला टाळता येईना. कुलूप बदललं तर बिजागरी, बिजागरी बदलली तर जाळी. आणि एखाद्या सकाळी दार उघडं आणि आत नुसता कोनाडा दिसला तर आपण काय म्हणणार? मला माहीत होतं, पण सांगितलं नाही, कारण मला एकटं राहायचं नव्हतं? ती उठली, मूर्तीच्या पायाशी हात टेकवून क्रूसाची खूण केली आणि उजेड होता तोवर घरी जाऊन फोन लावला.

फादर होलेशनी सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, “किल्ली कुणाकुणाकडे असते?”

“माझ्याकडेच.”

“फक्त तुमच्याकडे? रात्री कुठे ठेवता? घरी कुणी येतं जातं?”

ब्लाझेनाने प्रत्येक प्रश्नाचं उत्तर दिलं. प्रश्न चुकीचे नव्हते. तिनेही हेच विचारले असते, याहून कडक आवाजात. पण त्या प्रश्नांच्या समोर उभं राहायची पाळी तिच्यावर कधी आली नव्हती.

गुरुवारी गाडी आली. फादर होते आणि त्यांच्याबरोबर बिशपांच्या कोठाराची एक तरुण बाई, हातमोजे घातलेली. तिच्याजवळ साठ वर्षांपूर्वीचा फोटो होता. फोटो आणि मूर्ती शेजारी ठेवून ती एकेक गोष्ट तपासत होती. मुकुट आहे. पुस्तक आहे. शालीचा रंग उडालाय. मग ती वाकली.

“उजव्या हाताचं बोट. फोटोत आहे, इथे नाही. कधी गेलं?”

रादोवान मदतीला म्हणून आला होता. तो घोंगडी धरून उभा होता. यार्मिलाही होती. सगळे ब्लाझेनाकडे बघायला लागले.

“माझ्याकडे आहे,” ब्लाझेना म्हणाली.

ती खाली घरी गेली आणि काडेपेटी घेऊन आली. आत कापसात गुंडाळलेलं लाकडाचं बोट होतं, गव्हाच्या दाण्याहून थोडंसं मोठं.

“पुसताना तुटलं असेल,” फादर म्हणाले. त्यांनी तिला सुटायला वाट करून दिली होती.

“नाही, फादर. रागात. एकोणचाळीस वर्षं झाली. मूल मागत होते, होत नव्हतं. डॉक्टरांनी शेवटचं नाही म्हटलं त्या दिवशी वर आले आणि हिला फडका मारला. ही आपली मुलीला वाचायला शिकवतच होती. बोट खाली पडलं. सासूबाईंना सांगितलं नाही. नवऱ्यालाही नाही. चिकटवायला दिलं असतं तर विचारलं असतं कसं तुटलं.”

यार्मिलाने तोंडावर हात धरला. एकोणचाळीस वर्षं शेजारी राहून तिला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. कोठाराची बाई वहीत लिहीत होती, लिहायची थांबली. मग तिने काडेपेटी दोन्ही हातांनी घेतली.

“मूळ तुकडा असला तर जोडता येतं,” ती हळूच म्हणाली. “कळणारही नाही.”

“कळू दे की,” ब्लाझेना म्हणाली.

सांत आना घोंगडीत गुंडाळली गेली. रादोवानने आणि फादरनी तिला उचलून गाडीत आडवी ठेवली. ब्लाझेना गाडीच्या दाराला हात लावून उभी राहिली. चॅपेलचं दार उघडंच होतं, कोनाड्यात मूर्तीच्या पाठीचा काळसर डाग तेवढा दिसत होता.

“दाराला आता भक्कम लोखंडी जाळी बसवून घेतो,” फादर म्हणाले. “बोट जोडून होईल. प्लास्टरचं काही करायला नको. ज्या बाईने आपणहून फोन केला आणि आपणहून काडेपेटी आणून दिली, तिच्याकडे मूर्ती परत द्यायला मला भीती नाही. सांत आनाच्या सणाला, सव्वीस जुलैला, मी स्वतः घेऊन येईन.”

ब्लाझेनाने त्यांच्याकडे पाहिलं. कोठारात गेलेल्या वस्तूंची तिला पुरती माहिती होती.

“कोणत्या वर्षीच्या?” तिने विचारलं.

फादर हसले. ती हसली नाही, आणि दारावरचा हातही तिने काढला नाही.

“याच वर्षीच्या, वित्कोवाबाई.”

“यांच्यासमोर म्हणताय?” तिने यार्मिला आणि रादोवानकडे मान केली.

“सगळ्यांसमोर म्हणतोय.”

तेव्हा कुठे ब्लाझेनाने गाडीचं दार सोडलं.